उलटी होडी आणि सोसायटीचे रुमाल

“ही होरी उलटी हाय.” गावातल्या कोळणींच्या म्होरक्या हिरामावशींनी गळ्यातला रुमाल काढून माझ्या हातात कोंबला. “बुडालेली होरी गल्यात घालून मी मिरवनार न्हाय. माझ्या बाया बी न्हाय.”

मी रुमालाकडे पाहिलं. बाई खरं बोलत होत्या.

स्वातंत्र्याला दहाएक वर्षं झाली होती. अलिबागला माझा कापड छापायचा लहानसा कारखाना होता. छापायचं म्हणजे लाकडी ठसा रंगात टेकवायचा आणि कापडावर दाबायचा. मुरूडजवळच्या एका मच्छीमार सोसायटीने उद्घाटनाच्या मिरवणुकीसाठी रुमाल मागवले होते, आणि त्या सकाळी ते घेऊन मी त्यांच्या गावी आलो होतो. एका कोपऱ्यात शिडाची होडी, सोसायटीचं चिन्ह. चेअरमन नाना रुमालाला ‘स्कार्फ’ म्हणायचे. शीड निमुळतं, कोपराही निमुळता, तेव्हा डोलकाठी कोपऱ्याकडेच हवी हा त्यांचा हट्ट. टेबलावर सँपल झकास दिसलं. पण रुमाल तिकोनी दुमडून गळ्यात बांधला की तोच कोपरा खाली लोंबतो. डोलकाठी खाली, होडीचं बूड वर.

आदल्या वर्षी होडी उलटून हिरामावशींचा दीर गेला होता.

नाना घाम पुसत आले. “दत्तोबा, पाहुण्यांची मोटार निघाली. हे कोणी बांधले नाहीत तर माल परत. आणि या किनाऱ्यावर तुम्हाला पुन्हा ऑर्डर कोण देतो ते बघतो.”

“डोलकाठी तिकडे तुम्हीच करायला लावलीत.”

“तुम्ही धंद्यातले. तुम्ही नको म्हणायचं!”

पहिलीच मोठी ऑर्डर. ती परत आली असती तर कारखान्याला कुलूपच होतं. मला एका जागी बसवेना. रुमाल डोक्याला बांधला. टोक मानेवर, होडी उलटीच. खांद्यावर टाकला, कमरेला गुंडाळला, तेच. गल्लीत बँडवाले वाजवून बघत होते. सोसायटीच्या पडवीत येरझाऱ्या घालताना मी कोणाच्या तरी चहाचा कप लवंडला.

शेवटी वैतागून जमिनीवर बसलो. छापाची बाजू खाली ठेवून रुमाल तिकोनी दुमडला. होडीचं टोक तळाशी, माझ्याकडे राहिलं. ते उचलून पलीकडे पालथं घातलं. होडी वर आली, आणि सरळ! मग मागच्या बाजूने दोन घड्या घालून पट्टा केला, होडी बरोबर मध्यावर.

एका खलाशाच्या कपाळावर तो बांधला, गाठ मागे. बायकांसाठी तोच पट्टा कमरेला, लुगड्यावरून. मी झपाटल्यासारखा एकेकाला बांधत सुटलो. तरण्या पोरांनी गाठ कानामागे घेतली, का तर ऐट दिसते. हिरामावशींनी मान वाकवून स्वतःच्या कमरेकडे बराच वेळ पाहिलं.

“आता तरती हाय,” त्या म्हणाल्या. “चला गो बायांनो.”

मिरवणूक निघाली. पाहुण्यांनी भाषणात रुमाल बांधायच्या ‘या किनाऱ्याच्या प्राचीन पद्धतीचं’ तोंडभरून कौतुक केलं. नानांनी मान डोलावली. मीही टाळ्या वाजवल्या. पुढच्या वर्षी शेजारच्या दोन गावांनी ‘आमच्या जुन्या पद्धतीने बांधता येतील असे’ रुमाल मागवले.

ऑर्डर घेतली. पण तेव्हापासून सँपल टेबलावर पसरून दाखवायचं बंद केलं. आधी गिऱ्हाइकाच्या गळ्यात बांधतो, मग आरसा देतो.