उजवी पाकळी

काल लेक मोबाइलवर पत्रकारितेच्या पदवीचा अर्ज भरत होती आणि मी पूजेची फुलं निवडत होतो. पिटकोळीच्या फुलाची ओली पाकळी बोटाला चिकटली आणि मी मनाने थेट तरुणपणीच्या कारापूरच्या देवळात जाऊन पोचलो.

तेव्हा असाच अर्ज माझ्या खिशात होता. भरायचा शेवटचा दिवस, पणजीची बस यायच्या बेतात, आणि बाबांना आधी देवाचा कौल हवा होता. भटजींनी मूर्तीला ओल्या पाकळ्या लावल्या. उजवी पडली तर होकार. पण उजवी हलेना, डावीही हलेना.

"बाबा, बस!"

"राव रे, थांब मरे! देवाक घाई करू नये."

बाहेर हॉर्न वाजला आणि लांब गेला. मग उजवी पाकळी अलगद खाली आली.

"बघ, दिल्यान कौल!" बाबा खूश. मी हात जोडले आणि दात खाल्ले. पुढच्या बसने पोचलो तर कॉलेजच्या खिडकीला कुलूप.

वर्षानुवर्षं मी दोष देवाला दिला, बाबांना दिला, त्या ड्रायव्हरलाही दिला. पण जगाला प्रश्न विचारायला निघालेल्या मला घरच्या माणसाला 'आधी अर्ज, मग कौल, चालणार नाही का?' एवढं विचारता आलं नव्हतं.

"पपा, देवाला विचारायचं?" लेक म्हणाली.

"आधी पाठव!" मी जवळजवळ ओरडलोच. "मग सावकाश विचारू."