बार्शीच्या गाडीचा अस्सल रंग

आमच्या घरात रंगांतलं सगळ्यात जास्त मलाच कळतं. सोलापुरात सात रस्त्याजवळ माझं चादरी-टॉवेलांचं दुकान आहे. गिऱ्हाईक दारात चप्पल काढतंय तोवर त्याला कुठला रंग लागणार ते मी ओळखतो. (घेतं तो दुसराच, ते सोडा.) त्यामुळे अप्पांसाठी बार्शीची छोटी आगगाडी लाकडात करायची ठरली, तेव्हा रंगाच्या कामाला मी कुणाला हात लावू दिला नाही.

अप्पा म्हणजे माझे वडील. पाय मोडल्यापासून ते गॅलरीतल्या खुर्चीत असतात, अर्धे जागे आणि अर्धे त्या गाडीत. लहानपणी गावाकडनं बार्शीच्या शाळेला ते तिनंच जायचे. आता रूळ रुंद झाले आणि ती गाडी गेली ती गेलीच. "एकदा दिसली पायजे हुती रे," असं ते म्हणायचे, तेही माझ्याकडे नाही, आभाळाकडे बघून. या माणसानं जन्मात माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. मला लई वाईट वाटायचं. मग दुकानातल्या जुन्या खोक्यांच्या फळ्या कापून मी इंजिन आणि दोन डबे जुळवले. अप्पांच्या वाढदिवसाला गाडी त्यांच्यासमोर ठेवायची आणि त्यांनी ती बघताक्षणी ओळखायची, एवढीच माझी इच्छा होती.

राहिला रंग. "अप्पा, डबे कुठल्या रंगाचे होते ओ?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"तांबडे आसावेत," अप्पा सकाळी म्हणाले. दुपारची झोप झाल्यावर डबे हिरवट झाले. संध्याकाळी परत विचारलं तर म्हणाले, "धुरातनं यायची रे ती. धुराचा रंग बघ की."

आता धुराच्या रंगाचा डबा कुठल्या दुकानात मिळतो? पण अप्पांचं ते बोलणं डोक्यात असं बसलं की दुपारी दुकानात चादरीच्या घड्या घालता घालता मला गाडी दिसायला लागली. ज्वारीच्या रानातनं हळूहळू यायची, कधी तांबडी, कधी हिरवी, आणि काउंटरपाशी येऊन थांबायची. एकदा तिच्यातनं एक बाई उतरल्या आणि "पंचा दाखवा" म्हणाल्या. मी म्हटलं, "डब्याच्या आतून की बाहेरून?" त्या शेजारच्या दुकानात गेल्या.

शेवटी माझा चुलत भाऊ शिवाप्पा देवासारखा धावून आला. तो बार्शीजवळच्या आमच्या गावी शेती करतो. फोनवर म्हणाला, "दादा, आमच्या गोठ्याचं दार त्याच गाडीच्या फळ्याचं हाय की. बाबांनी भंगारातनं आणल्यालं."

मी दुसऱ्या दिवशी एसटीनं गावात हजर. शिवाप्पा बाजाराला गेला होता, त्यामुळे मला शांतपणे संशोधन करता आलं. ब्लेडनं दार खरवडत गेलो. वर निळा, त्याखाली पिवळा, त्याखाली हिरवा, आणि सगळ्यात तळाला झगझगीत गुलाबी! तळाचा थर म्हणजे सगळ्यात जुना, म्हणजेच मूळचा. गोठ्यातल्या म्हशीसमोर मी ही उपपत्ती मोठ्यानं मांडली. तिनं हरकत घेतली नाही. रंगाचे कपचे मी कुंकवाच्या डबीत घालून सोलापूरला आणले आणि रंग हुबेहूब जुळवला.

"काय ओ, रेल्वे कुठं गुलाबी असती?" आमच्या मंडळींनी, म्हणजे महानंदानं, विचारलं.

"इतिहास आपल्या आवडीनिवडीवर चालत नाही," मी म्हटलं. वाक्य मला इतकं आवडलं की मी खिडक्यांखाली एक पिवळा पट्टाही ओढला.

वाढदिवसाला पाहुणे जमले. अप्पांच्या खुर्चीसमोर स्टूल, स्टुलावर गाडी, गाडीवर टॉवेल. मी टॉवेल ओढला. सगळे गप्प झाले. मला वाटलं, भारावले. तेवढ्यात मागनं शिवाप्पा म्हणाला, "आरं, ह्यो तर आमच्या बैलाच्या शिंगाचा रंग!"

"कसली शिंगं?"

"पोळ्याला शिंगं रंगवली की ब्रशात ऱ्हायलेला रंग आमी त्याच दाराला पुसतो की. सालाबाद हाय ते. आदी गुलाबी आणायचो, मग हिरवा, मग पिवळा. औंदा निळा हुता."

"आणि गाडीचा रंग?" मी विचारलं.

"तो कुटला ऱ्हातोय? बाबांनी फळ्या आणल्या तवाच रंधा मारून घेतल्या."

महानंदा पदर तोंडाला लावून आत पळाली. पाहुणे खो-खो हसले. माझं कुणाकडे लक्ष नव्हतं. मी अप्पांकडे बघत होतो. त्यांनी गाडी नुसती न्याहाळली, ओळखीचं काही चेहऱ्यावर आलं नाही. पुढ्यात पोळ्याचा बैल उभा केला होता मी, त्यात ते गाडी कुठं शोधणार?

"काय करालास रे तिथं उभा ऱ्हाऊन?" अप्पा म्हणाले. "डबा उचल. हितं, डोळ्यापाशी धर."

मी डबा उचलून धरला. अप्पांनी एक डोळा मिटला आणि दुसरा खिडकीला लावला. पलीकडच्या खिडकीतनं गॅलरी दिसत होती, गॅलरीपलीकडे ऊन. ते कितीतरी वेळ तसेच बसले.

"हीच," ते हळूच म्हणाले. "हीच रे ती. बार्शी येईस्तवर मी असाच खिडकीला बसायचो."

माझे डोळे भरून आले. "पण अप्पा, रंग चुकला."

"भायेरचा रंग स्टेशनावरच्या लोकांना. मी आत बसायचो न्हवं? आतला रंग मातर तू अगदी झ्याक दिलास बघ. तंतोतंत हाच."

आतनं डब्याला मी रंग लावलाच नव्हता. तिथं माझा ब्रश पोचत नव्हता.