अक्कांचा बुधवार

मेल पाठवायच्या आधी अक्कांचे तळहात ओले व्हायचे. मला सुरुवातीला हसू यायचं. जळगावच्या आमच्या कंपनीत केळीची रोपं तयार होतात. कृषी केंद्रवाल्यांना आणि बागायतदारांना दर बुधवारी एक मेल जायचा, एवढंच ते काम. त्यात घाम फुटण्यासारखं काय होतं? पण पदराला हात पुसत अक्का मागचे चार मेल मोठ्यानं वाचायच्या आणि नव्यात एखादी ओळ जरी सारखी सापडली, तरी अख्खा मेल पुसून टाकायच्या. "बठ्ठं तेच ते शे," म्हणायच्या. मूळच्या शिंदखेड्याच्या. घाबरल्या की अहिराणीच तोंडात यायची.

त्यांचा एक बुधवार दुसऱ्यासारखा नसे. कधी सावद्याच्या बागायतदाराला फोन करून घडावर पिशवी कशी चढवता ते विचारायच्या आणि त्याच्याच शब्दांत लिहायच्या. कधी नुसता एका पानाचा फोटो: याला काय झालंय, ओळखा. कधी केळफुलाची भाजी. सवलतीची जाहिरात महिन्यातून एकदा, तीही तळाशी. मालक कुरकुरायचे, "अक्का, आपण रोपं विकतो, भाजी नाही." त्यावर अक्का म्हणायच्या, "साहेब, लोकांना न उघडायची सवय लागली ना, मग आपण बोंब मारली तरी कोणी ऐकणार नाही." बोलताना खरंच भ्यालेल्या दिसायच्या. मला वाटायचं, बाई जरा अतीच करते.

मग त्यांची आई आजारी पडली. अक्का महिनाभर गावी होत्या. मेल तिथूनच लिहिणार होत्या, पण दवाखान्यातून सवड मिळेना. मला हळूच म्हणाल्या, "तेवढं तू बघशील?" मालकांना हे ठाऊक नव्हतं. आणि मी शहाणीनं काय केलं? हिरव्या पट्टीवर 'खास सवलत' असा एक मेल बनवला आणि दर बुधवारी तोच पाठवला, तारीख बदलून. खाली नाव अक्कांचं.

त्या परत येणार त्याच्या आदल्या दिवशी रोपवाटिकेतून फोन आला. एका खेपेतल्या रोपांवर हरण्या दिसला होता. हा केळीचा रोग बागभर पसरतो आणि मग झाडं उपटण्यावाचून इलाज राहत नाही. 'ही रोपं लावू नका' असं तातडीनं कळवायचं होतं. मी तीच हिरवी पट्टी, तोच मथळा ठेवून खाली सूचना घातली, पाठवली आणि निवांत घरी गेले.

सकाळी अक्कांनी यादी पाहिली. मेल कोणी उघडला ते तिथं दिसतं. कोणीच उघडला नव्हता. अक्का पांढऱ्याफटक पडल्या. "हाई काय करी टाकं तू!" बस, एवढंच बोलल्या. आम्ही दोघी फोन घेऊन बसलो. त्या खेपेतली रोपं नेलेले सगळे दुपारपर्यंत सापडले, फक्त नशिराबादच्या एका नानांचा फोन बंद होता. अक्कांनी स्कूटी काढली. मी मागे बसले.

नाना बांधावर उभे होते. निम्मी रोपं लावून झाली होती. "मेल? आधी वाचायचो हो मी," ते म्हणाले. "आता दर वेळी तीच सवलत. कोण उघडतं?" अक्का वाकून रोपं उपटायला लागल्या. मग मीही लागले.

"हे असले मेल कोणी पाठवले?" मालकांनी विचारलं. मी समोरची यादी चाळत राहिले. अक्का म्हणाल्या, "खाली नाव माझं आहे ना?" त्याच महिन्यात नोकरी सोडून त्या धुळ्याला गेल्या. मी शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. त्याची लाज अजून वाटते.

आता बुधवार माझ्याकडे आहे. अक्कांचा पत्ता मी यादीत घातलाय. मेल गेला की पाच-दहा मिनिटांत त्या उघडतात आणि दुपारी फोन करतात. "आज बरा जमला." नाहीतर, "पोरी, हे मागं लिहिलंस की!"

गेले तीन बुधवार त्यांनी मेल उघडलेला नाही. फोन वाजतो, कोणी उचलत नाही. उद्या सकाळच्या बसनं मी धुळ्याला निघालेय. तोवर देवाला एकच सांगतेय, माझे मेल अक्कांना कंटाळवाणे झाले असू देत.