पहिल्या ताटाचे मामा

"आधी माझ्या पोटात, मग तुमच्या ताटात," असं मामा म्हणायचे. पातेलं उतरवताना म्हणायचे, कुणी जेवायची घाई केली तर म्हणायचे, आणि एकदा पगारवाढ मागायला साहेबांच्या खोलीत गेले तेव्हा दुसरं काही न सुचल्यामुळे तेवढंच म्हणून परत आले.

मामा ब्रशच्या कारखान्यात स्वयंपाकी होते. कपड्यांचे, बुटांचे, बाटल्या धुण्याचे, सगळ्या तऱ्हेचे ब्रश आम्ही तिथे बनवायचो. दिवसभर केसांचा बारीक भुसा हवेत तरंगायचा. खिडकीतून उन्हाची तिरीप आली की त्यात तो सोन्यासारखा झळकायचा आणि मग आमच्या नाकात जायचा. जेवणाची घंटा झाली की आम्ही हात धुवून लांबलचक बाकांवर बसायचो, पण जेवायचो नाही. आधी मामा जेवायचे.

हा रिवाज मामांच्याही आधीपासूनचा. पूर्वीच्या एका स्वयंपाक्याच्या हातचं खाऊन सगळा कारखाना एका दुपारी आडवा झाला होता. तो स्वयंपाकी मात्र घरून डबा आणायचा, म्हणून ठणठणीत राहिला. तेव्हापासून ठरलं, की ज्यानं शिजवलं त्यानं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत भरलं ताट संपवायचं, वर मोठा ग्लास भरून पाणी प्यायचं आणि रिकामा ग्लास टेबलावर पालथा घालायचा. ग्लासाचा आवाज झाला की पातेल्यांची झाकणं उघडायची. तोवर हात लावायचा नाही. या रिवाजाची राखण अण्णांकडे होती. अण्णा आमच्यातले सर्वांत जुने कामगार. ब्रशचे दांडे घासून घासून स्वतःही दांड्यासारखे झालेले.

मामांचं जेवण म्हणजे बघण्यासारखी गोष्ट होती. भाताचा डोंगर, रश्श्याचं तळं, कडेनं पावाचे तुकडे बांध घातल्यासारखे. आणि त्या सगळ्या मुलखावरून मामा नांगर फिरवावा तसा हात फिरवायचे. पाहता पाहता ताट लख्ख. पाणी तर ते पीत नसत, ओतत. हे झालं आमच्यासाठीचं जेवण. मग स्वयंपाकघरात मामींसोबत बसून त्यांचं स्वतःचं जेवण व्हायचं. मामी भाज्या चिरायच्या आणि मामांना आवरायच्या. त्यातलं भाज्या चिरायचं त्यांना चांगलं जमायचं.

वर्षं गेली तसे मामा वाढत गेले. आधी सदरा बदलला, मग खुर्ची बदलली, मग स्वयंपाकघराच्या दाराची एक फळी कायमची उघडी ठेवावी लागली. जिना चढताना त्यांचा श्वास त्यांच्या बराच मागून एकेक पायरी चढत यायचा. शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, हे हृदय एका माणसाचं आहे, दोघांना पुरायचं नाही. मामींनी त्यांना इस्पितळात नेलं आणि जठराच्या तोंडाशी पट्टा बसवून आणला. पट्ट्याच्या वर इवलीशी पिशवी उरते, ती चार घासांत भरते, आणि अन्न तिथून सावकाश खाली झिरपतं.

लांबलचक रजा संपवून मामा परतले तेव्हा चेहरा निम्मा झाला होता, सदरा मात्र जुनाच होता. घंटा झाली, आम्ही बसलो. मामांनी टेबलावर बशी ठेवली. बशीत थोडा मऊ भात, वर रश्श्याचा ओलावा. हातात चहाचा चमचा.

"मामा, चिमणीला वाढलंय का?" कुणीतरी विचारलं.

"माझं ताट आहे. आता एवढंच."

त्यांनी वाटाण्याएवढा घास तोंडात घातला आणि चावायला लागले. चावत राहिले. मऊ भातात इतकं चावण्यासारखं काय असतं, ते आम्हाला कळेना. समोरच्या बाकावरचे लोक नकळत त्यांच्याबरोबर रिकामी तोंडं हलवू लागले. एक घास उतरला, की मामा चमचा खाली ठेवून थोडं थांबायचे, आत निरोप पोचलाय का ते ऐकावं तसे. बशी संपली. त्यांनी तोंड पुसलं, हात मांडीवर ठेवले आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

"पाणी?" अण्णांनी विचारलं.

"अर्ध्या तासानं. जेवणाबरोबर पाणी बंद केलंय."

"ग्लास पालथा झाल्याशिवाय झाकण उघडत नाही, मामा."

"मला कशाला सांगता? इतकी वर्षं पालथा कोण घालत आलंय?"

मग सगळे बसून राहिले. झाकणांच्या फटींतून वास यायचा, रेंगाळायचा आणि परत पातेल्यात जायचा. कुणी उठलं नाही. रिवाज म्हणजे रिवाज. अर्धा तास भरायच्या आत कामाची घंटा झाली आणि सगळा कारखाना उपाशीपोटी यंत्रांवर गेला. मामांनी ठरल्या वेळी एकेक घोट घेत पाणी प्यायलं आणि रिकाम्या बाकांसमोर ग्लास पालथा घातला. तो आवाज ऐकायला एकट्या मामी होत्या.

"उघडा आता झाकणं," त्या म्हणाल्या. "बाकांना वाढू."

दुसऱ्या दिवशी तेच. मग उपाय निघाले. कुणी म्हणालं, मामांनी पाणी आधी प्यावं, जेवण नंतर. अण्णा म्हणाले, "साक्ष द्यायच्या आधी अंगठा उठवतात का?" कुणी म्हणालं, मामांनी खावं आणि मामींनी प्यावं. अण्णा म्हणाले, "पोट एकाचं आणि पाणी दुसऱ्याचं? उद्या म्हणाल, आजारी तिसऱ्यानं पडावं." मामांनी लवकर जेवायला बसावं म्हटलं, तर यंत्रं सोडून बघायला कोण येणार? लोक खिशात पाव लपवून आणू लागले आणि यंत्राच्या आडोशाला चोरासारखे खाऊ लागले. ब्रशांचे केस वाकडे बसू लागले. एका पेटीतल्या बुटाच्या ब्रशांना चक्क भांग पडला होता.

तेव्हा साहेब, म्हणजे कारखान्याचे व्यवस्थापक, स्वयंपाकघरात आले. "उद्या भरलेलं ताट आणि वर भरलेला ग्लास," ते म्हणाले. "जमत नसेल तर परवापासून बाहेरून डबे येतील. या खोलीला कुलूप."

साहेब गेल्यावर मामींनी सुरी खाली ठेवली. "तुम्ही तसलं काही करायचं नाही. पट्टा सरकला तर पुन्हा पोट उघडतील, डॉक्टरांनी बजावलंय."

"आणि स्वयंपाकघर बंद झालं तर मी बारीक कशासाठी झालो?"

"जगायला."

"जगून काय करू? बशीत बघत बसू?"

मामींनी सुरी पुन्हा उचलली. त्यांनी एक कांदा उगाचच बारीक चिरला, आणि मग त्याहून बारीक.

दुसऱ्या दिवशी मामांनी जुनं ताट काढलं. भाताचा डोंगर रचला, रश्श्याचं तळं केलं. सगळा कारखाना जमला होता, साहेब दाराशी उभे होते. मामी स्वयंपाकघरातून बाहेरच आल्या नाहीत. मामांनी ताटाकडे असं पाहिलं, जसं माणूस आपण जन्मलो त्या गावाकडे पाहतो. मग पूर्वीसारखा मूठभर घास उचलला, दोनदा चावला आणि गिळला.

घास उतरला नाही. मामांचे डोळे मोठे झाले, तोंडात लाळ दाटली, एक उचकी आली, तिच्यामागे दुसरी. त्यांनी छातीवर हात दाबला, उठले, कोपऱ्यातल्या मोरीपाशी वाकले आणि घास गेला तसा परत आला.

मग अण्णा सावकाश म्हणाले, "स्वयंपाक्यालाच पचलं नाही."

झालं. पहिल्या बाकावरच्या एकाच्या पोटात मुरडा आला. शेजारच्यानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्याही आला. बघता बघता संडासापुढे रांग लागली. ज्यांनी सकाळपासून अन्नाचा कण पाहिला नव्हता, ते भिंतीला टेकून कण्हत होते.

"अरे, तुम्ही खाल्लंय काय?" साहेबांनी विचारलं.

"वास घेतला की," एक जण कण्हत म्हणाला.

मामा मोरीपाशी तोंड पुसत सांगत होते, "अन्न चांगलं आहे हो. मोठा घास अडकला, दुसरं काही नाही." पण ऐकतो कोण? दोघं जण तर घरी निरोप धाडायच्या गोष्टी करू लागले. साहेबांना घाम फुटला. ते तावातावानं मामांच्या खुर्चीत जाऊन बसले, म्हणाले, "हे बघा, बघा सगळे," आणि जेवू लागले. ताट केवढं, माणूस केवढा; पण रागाच्या भरात साहेबांनी डोंगर उतरवला, तळं आटवलं, पावाचे बांध फोडले. शेवटी मोठा ग्लास घटाघटा प्यायले आणि दाणकन पालथा घातला.

आवाज झाला. रांगेतले मुरडे थांबले. एकेक जण पोट चाचपत बाकावर परत आला. अण्णा उभे राहिले, थोडा विचार केला आणि म्हणाले, "साहेबांनी खाल्लं. झाकणं उघडा."

त्या दिवशी आम्ही जेवलो ते जेवण मरेपर्यंत विसरणार नाही.

पण दुसऱ्या दिवशी घंटा झाल्यावर आम्ही बसून राहिलो आणि अण्णा साहेबांच्या खोलीकडे गेले. "वाढून ठेवलंय, साहेब."

"आज कशाला? काल सिद्ध झालं ना?"

"ते कालचं अन्न होतं."

"पण शिजवलंय त्यांनी. रिवाज शिजवणाऱ्याचा आहे ना?"

"शिजवणाऱ्याला पट्टा आहे. आणि ग्लास तुम्ही पालथा घातलात."

साहेबांनी बाहेरच्या डब्यांची गोष्ट काढून पाहिली. अण्णा म्हणाले, डबे आले तरी हरकत नाही, पहिला डबा तुम्ही खायचा. मग ती गोष्ट पुन्हा निघाली नाही. स्वयंपाकघर मामांकडेच राहिलं.

सुरुवातीला मामांना ते सोसलं नाही. साहेब जेवत असताना ते दाराआड उभे राहायचे, आपल्या खुर्चीकडे बघत. मग एके दिवशी बाहेर आले आणि साहेबांजवळ उभे राहून हळूच म्हणाले, "चावा जरा, साहेब. तुम्ही गिळताय."

"मामा, मला जेवायला शिकवू नका."

"मीठ कसं आहे?"

"बरं आहे."

"बरं?" मामा म्हणाले. इतके दुखावलेले ते मोरीपाशीही दिसले नव्हते. "पुन्हा घास घ्या. नीट चावून सांगा."

तेव्हापासून ते रोज शेजारी उभे राहू लागले.

मामांची बशी दुपारी उशिरा, सगळं आवरल्यावर व्हायची. संध्याकाळी मामी पिशवी घ्यायच्या आणि दोघं फाटकाकडे निघायचे. मामा पुढे, हलके, हात झुलवत. मामी मागून, "अहो, हळू चाला," म्हणत. आम्ही तोवर यंत्रं पुसत असायचो. वरच्या खिडकीत साहेब उभे असायचे, पट्टा सैल करून, एक हात पोटावर ठेवून. मामा कोपऱ्यावरून वळून दिसेनासे होईपर्यंत ते तिथून हलत नसत.