चार वर्षांच्या चोची

प्रयोगशाळेत तिला सगळे चोचबाई म्हणत आणि तिलाही त्याचं काही वाटत नसे. किनाऱ्याला मेलेला देवमासा लागला की त्याच्या पोटातला ऐवज पिंपात भरून तिच्याकडे येई. देवमासा खोल समुद्रात बुडी मारून माकूळ, म्हणजे स्क्विड, खातो. माकळाचं मऊ अंग पोटात विरघळून जातं, उरते ती त्याची चोच. पोपटासारखी, काळी, टणक, न पचणारी. त्या चोची चाळणीत धुवायच्या, वरच्या-खालच्या वेगळ्या करायच्या, खालचीची लांबी मोजून वहीत लिहायची, हे तिचं काम. चोच जेवढी, त्या मानाने माकूळ. सव्वीस वर्षांत तिचा एक आकडा कधी खोडलेला दिसला नाही.

नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. ती घरी आली की दारातच नाक धरून विचारी, "आज देवमासेसाहेब किती जेवले?"

"चारशे बारा."

"बघ! आणि मी तिसरी पोळी मागितली की तुझ्या कपाळाला आठ्या." असं म्हणत तो तिच्या हातांवर लिंबू पिळी.

नवव्या वर्षी चोची लहान येऊ लागल्या. बारा मिलिमीटरच्या जागी नऊ. दहाव्या वर्षी तेच, अकराव्या, बाराव्या वर्षीही तेच. मासा कापणारा म्हणाला, यांची चरबीही दोन बोटं कमी भरते. पाण्याचं तापमान घेणारा एक जण तिच्या टेबलाशी चहा प्यायला यायचा, त्याला तिने विचारलं. तो म्हणाला, "वरचं पाणी तापलंय ना, ते सायीसारखं वर बसून राहिलंय. खालचं गार, कसदार पाणी वर येतच नाही. मग बारीक जीव वाढणार कशावर? ते नाहीत तर त्यांच्यावर जगणारं खोलातलं माकूळ खुजंच राहणार." पुढचं तिचं तिला कळलं. देवमासा तेवढाच खोल जातो आणि अर्धपोटी वर येतो.

ती वही घेऊन मोठ्या साहेबांकडे गेली. त्यांनी चार पानं उलटली.

"तुमचा व्हर्नियर चुकतोय, बाई."

तिने तो मोजण्याचा व्हर्नियर घरी नेला. नवऱ्याने डोळ्याला भिंग लावून तपासला आणि म्हणाला, "केसाचाही फरक नाही. काटा सरळ आहे. साहेबाचा बघून घे."

साहेबांना तिने एवढंच सांगितलं, की व्हर्नियर ठीक आहे. ते हसले. "मोजायचं काम तुमचं, म्हणायचं आमचं. खोलात काही बदलत नाही, हे मी वीस वर्षं लिहितोय. चार वर्षांची वही नीट उतरवून आणा." तिला कायम करण्याचा कागद त्यांच्या टेबलावर होता. बारा वर्षं ती हंगामी होती. त्या कागदाकडे त्यांनी बोटसुद्धा दाखवलं नाही.

तीन दुपारी बसून तिने नवी वही उतरवली. त्याच अक्षरात, त्याच शाईने. पुढच्या वर्षी पाणी निवलं आणि चोची पुन्हा बाराच्या येऊ लागल्या. जुनी वही साहेबांनी ठेवून घेतली, ती पुन्हा कुणाला दिसली नाही. पुढे कोठीघराची बैठकीची खोली झाली, तेव्हा तिथे जपून ठेवलेल्या चोचींच्या बरण्याही गेल्या, आणि त्यानंतर मोजलेल्या चोची फेकूनच देत. साहेबांचा फोटो आता त्या खोलीत आहे.

तिच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना एक तरुण संशोधक आली; तिला सगळे डॉक्टरीणबाई म्हणत. तिच्याकडे समुद्राच्या तापमानाच्या जुन्या नोंदी होत्या. वह्या पाहून तिने चोचबाईचे दोन्ही हात धरले.

"मावशी, इतकी वर्षं एकाच हाताने मोजलेलं मी कुठे पाहिलं नाही. लेखावर तुमचं नाव माझ्या शेजारी येणार."

चोचबाईने त्या रात्री घरी काही सांगितलं नाही. आठवड्याने डॉक्टरीणबाई म्हणाली, "गंमत बघा. ही चार वर्षं समुद्र तापला होता, आणि चोची जशाच्या तशा! म्हणजे खोलात काही फरक पडत नाही."

आता गप्प बसलं की नाव छापून येणार होतं.

"ती चार वर्षं खोटी आहेत," चोचबाई म्हणाली. "मी आकडे वाढवलेत."

डॉक्टरीणबाईने पेन खाली ठेवलं. "प्रत्येक चोचीत किती?"

"तीन."

"मग वजा करू. त्यात काय!"

"कुठे अडीच, कुठे सव्वातीन. सगळे सारखे दिसू नयेत म्हणून."

खोटंही तिने नीटच लिहिलं होतं.

मग डॉक्टरीणबाई हळूच म्हणाली, "बाकीची बावीस वर्षं खरी आहेत, हे मला पटतं हो. पण लोकांना कशावरून पटवू? एकही बरणी उरली नाही." तिने सगळ्या वह्या कपाटात परत लावल्या. वर्षांचा क्रम चुकवला नाही.

घरी लिंबू पिळता पिळता नवऱ्याने सगळं ऐकलं. अडीच आणि सव्वातीन हे ऐकल्यावर त्याचा हात थांबला.

"मी तुला सांगितलं होतं," तो म्हणाला. "काटा सरळ होता."

त्यानंतर आज किती जेवले, असं त्याने कधी विचारलं नाही.

समुद्र पुन्हा तापला होता; पुढच्या पिंपातली पहिली चोच नऊ पूर्णांक एक भरली. डॉक्टरीणबाईने नवी वही आणून दिली होती. चोचबाईने आकडा लिहिला, चोच स्पिरिटच्या बरणीत टाकली, झाकण दोनदा पिळलं आणि चिठ्ठी चिकटवली. ती निवृत्त झाली तेव्हा त्या वहीची अकरा पानं भरली होती.