पाण्याकडे तोंड करून

अख्ख्या रिसोडात समुद्रकाठी राहणारा माणूस एकच होता, आणि तो आमचा भाडेकरू होता. आता रिसोडहून समुद्र किती लांब आहे ते विचारू नका. आमच्या निम्म्या गावाने समुद्र पाहिला होता तो कॅलेंडरवर, शेषशायी विष्णूच्या खाली. पण हे गृहस्थ मूळचे किन्हीराजाचे असून इंग्लंडातल्या एका समुद्रकाठच्या जिल्ह्यात बरीच वर्षं इस्पितळात नोकरी करून आले होते. बहात्तरच्या दुष्काळात ते परत आले आणि गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवू लागले. आले आपले देहाने. मन तिकडच्या किनाऱ्यावर वाळत घातलेलंच राहिलं.

हवेपासून सुरुवात केल्याशिवाय त्यांना बोलताच येत नसे. वैशाख तापलेला, डांबर चपलेला चिकटतंय, आणि हे पानठेल्यावर जाऊन अत्यंत आदबीने म्हणणार, "आज ऊन छान पडलंय, नाही का?" पानठेलेवाला कात लावता लावता थांबायचा. "सर, वैशाखात ऊन नाही पडन त काय चिवडा पडन?" त्यावर सर दिलगिरीने हसत. तिकडे म्हणे एका सकाळीत ऊन, धुकं, पाऊस आणि पुन्हा ऊन होतं, आणि दोन अनोळखी माणसांमध्ये ओळखीची अशी हवाच तेवढी असते. आभाळावर त्यांचा विश्वास म्हणून उरला नव्हता. दुष्काळात ढगाचा पत्ता नसताना अंगात कोट आणि काखेत छत्री घेऊन हिंडणारा हा माणूस पाहून शेतकरी आशेने वर बघत आणि मग त्यांच्याकडे रागाने बघत.

एस. टी. स्टँडवर ते रांग लावत. एकटेच. गाडी आली की सगळं गाव खिडकीतून रुमाल, टोपी, प्रसंगी पोरगं टाकून जागा धरायचं, आणि सर दाराच्या नेमके समोर, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, असे ताठ उभे असत. गाडी भरून निघून जाई. "चुकली का सर?" मी विचारी. "चुकली. पण रांगेत मीच पहिला होतो," असं ते इतक्या समाधानाने सांगत की अकोल्याला पोचलेल्या माणसाला आपलं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटावं.

आणि आभार! कंडक्टरचे आभार, झाडूवालीचे आभार, वाट सोडली म्हणून म्हशीचेही आभार. माझी आई त्यांना जेवायला बसवी तेव्हा ते दर भाकरीला आभार मानत. आई वैतागे. "अरे बाप्पा, तोंड खायाले दिलं हाय. आभार मानून मानून भाकर थंडी करून राह्यला तू."

आईने त्यांना खोली दिली त्याचीही गंमत आहे. म्हणजे आता गंमत म्हणायचं. इंग्लंडातून आलेला, कोटातला मास्तर म्हणून गावात दारं धडाधड उघडली. आडनाव सांगितलं, किन्हीराजाचा बौद्धवाडा सांगितला, की तीच दारं हळूच लागली. खोली कालच गेली म्हणे. सगळ्या खोल्या एकाच दिवशी गेल्या होत्या. आईने मात्र एवढंच विचारलं, "रात्री घोरतं का?" ते नाही म्हणाले. "मंग ये. माह्या पोराच्या घोरण्यानं एक भिंत आधीच हालून राह्यली."

त्या संध्याकाळी ओट्यावर त्यांनी आईला तिकडची गोष्ट सांगितली. तिकडेही खोलीची पाटी लावलेल्या घरांनी त्यांचा रंग पाहून असंच केलं होतं. एका म्हाताऱ्या बाईने तेवढं घरात घेतलं. खिडकीखाली समुद्र, काठोकाठ. सकाळी उठून पाहतात तो पाणी नाही! लांबवर चिखल, होड्या कलंडलेल्या. वऱ्हाडचा माणूस, त्याला पाणी गेलं म्हणजे गेलं. बाई बाजारात गेली होती. यांनी नळ सोडून घरातल्या बादल्या, किटल्या, पातेली, फुलदाण्यासुद्धा भरून ठेवल्या. ती परत आली तर पाय ठेवायला जागा नाही. "बाई, समुद्र आटला," हे म्हणाले, "मिळालं तेवढं भरून ठेवलंय." ती हसली नाही. त्यातल्याच एका किटलीचा तिने चहा केला आणि यांना खिडकीशी बसवून स्वतः शेजारी बसली.

"मंग? आलं पाणी?" आईने श्वास रोखून विचारलं.

"आलं, माय. दुपार कलेपर्यंत सगळं परत आलं. तोवर ती जागची उठली नाही."

"बाई चांगली होती," आई म्हणाली.

ती बाई पुढे वारली. तिकडची रीत अशी की गेलेल्या माणसाच्या नावाने किनाऱ्यावर बाकडं ठेवायचं, पाण्याकडे तोंड करून. सरांना तिच्या नावाचं बाकडं इथे ठेवायचं होतं. त्यांच्या खोलीतली पत्र्याची पेटी अजून दोरीने आवळलेलीच होती. "हे बाकडं गावाने राहू दिलं तर मी इथला," ते मला म्हणाले, "नाहीतर पेटी बांधलेलीच आहे." बोलताना हसले, पण दोरीची गाठ खरी होती.

सुताराकडून बाभळीचं बाकडं करून त्यांनी ते तळ्याकाठी ठेवलं. तळं म्हणजे तेव्हा भेगाळलेली माती आणि मधोमध एक बेवारशी गाढव. नाव इंग्रजीत रंगवलेलं, ते कोणाला वाचता येईना, म्हणून गाव त्याला 'गोरीचं बाकडं' म्हणू लागलं. नावावर कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती तोंडावर. रस्त्याकडे पाठ करून बसायचं? मग कोण कोणाच्या घरी चाललं ते कळणार कसं? संध्याकाळी गावातले म्हातारे बाकडं उचलून रस्त्याकडे फिरवत आणि सकाळी सर ते पुन्हा तळ्याकडे फिरवत. एकदा समोरासमोर गाठ पडली.

"काय पाहता सर तिथं? पाणी त नाही."

"येईल."

"कवा?"

"तिकडे रोज जातं, रोज येतं. इथे जरा वेळ लागतो."

म्हातारे इतके हसले की एकाची कवळी बाकड्याखाली गेली. सरांनी ती शोधून दिली. त्याने आभार मानले नाहीत. दुसऱ्या वर्षीही बाकडं असंच दोन्हीकडे तोंड फिरवत राहिलं. मग एका सकाळी सर नेहमीप्रमाणे ते फिरवायला गेले, मीही सोबत होतो, तर बाकडं तळ्याकडेच होतं. त्यावर तिघे म्हातारे रस्त्याकडे पाठ करून दाटीवाटीने बसलेले. समोर तळ्यात गढूळ, घोट्याएवढं, पण पाणी. कवळीवाल्याने जरा सरकून जागा केली. "या सर," तो म्हणाला, "आज हवा बरी हाय, नाही?"

त्या दिवशी पेटीची दोरी सुटली. आईने ती अंगणात बांधून तिच्यावर गोधड्या वाळत घातल्या.

पुढे आई थकली तेव्हा सरांनी भीत भीत विषय काढला. ती म्हणाली, "टाक माह्या नावाचं बाकडं. पण तोंड रस्त्याकडं कर. पाण्याले पाहून मी काय करू? मले माणसं दिसले पाहिजे." तशी आता तळ्याकाठी दोन बाकडी आहेत, पाठीला पाठ लावून. मी गोरीच्या बाकड्यावर बसतो. तिला मी पाहिलं नाही, पण माझ्या आईसारखी आणखी एक बाई जगात होऊन गेली हे तिथे बसलं की खरं वाटतं. आणि सर, ज्यांनी पाण्यासाठी सगळ्या गावाशी वैर घेतलं, ते रोज संध्याकाळी माझ्या आईच्या बाकड्यावर छत्री घेऊन बसतात आणि रस्त्याने येणाऱ्याजाणाऱ्याला आज हवा कशी आहे ते सांगतात. बरोबर डाव्या कडेला बसतात. उजवीकडे एका माणसापुरती जागा सोडलेली असते.