फोन न ठेवणारा भागीदार

उभ्या वऱ्हाडात फोन ठेवता न येणारा एकच माणूस जन्मला आणि नेमका तोच माझा धंद्यातला भागीदार झाला. बोलणं संपलं तरी हा बडनेऱ्याचा गडी फोन कानाशीच धरून बसायचा. आपण जेवायला बसावं, भाजीत मीठ कमी म्हणून कुरकुरावं, की फोनमधून आवाज, "वहिनीवर चिडू नोको बे!" आपण हुंकार द्यायला विसरलो की लगेच, "हायेस का?" त्यावर "हाव" म्हटल्याशिवाय सुटका नाही. पुण्याच्या पाहुण्याने एकदा त्याला विचारलं, काय करताय? "आयकून राहिलो," हा म्हणाला आणि माझ्याकडे वळून, "आपल्या बोलीत राहनं हाये, मनून आपन टिकून हावो."

कधी बोंडअळी, कधी कोरडं आभाळ, अशा त्या वर्षांत अमरावतीतली आमची दोन खुर्च्यांची कचेरीही माश्या मारत होती. तेवढ्यात अकोल्याच्या एका कापूस व्यापाऱ्याचं काम आलं. त्याने भाव बदलला की गावोगावच्या मोबाइलवर तो त्याच क्षणी दिसायला हवा. मोबाइलने सर्व्हरला सारखं 'बदलला का, बदलला का' विचारण्याची जुनी रीत भागीदाराने उडवूनच लावली. "घडीघडी सैपाक झाला का इचारलं, त लाटनंच बसन!" उरले दोन मार्ग. एकात सर्व्हर सांगणार आणि मोबाइल नुसता ऐकणार. दुसरा वेबसॉकेटचा, त्यात एकाच उघड्या वाटेने दोघंही बोलणार. मी म्हटलं, पहिला सोपा, व्यापाऱ्यालाही तेवढाच हवा. त्याला पटलं. काम होत आल्यावर तो कौतुकाने ते तिवशाच्या थोरल्या बहिणीला दाखवायला गेला. तिला तो बाई म्हणायचा. ती स्वतः कापूस पिकवायची. तिने पडदा पाहिला आणि विचारलं, "हे मले सांगून राहिलं. माह्यं कोन आयकून राहिलं?"

परत आला तो सगळं मोडायलाच. वेबसॉकेट बसवलं. लाइन जिवंत आहे का हे पाहायला सर्व्हर मधूनमधून 'हायेस का' विचारणार, मोबाइल 'हाव' म्हणणार. भावाखाली एक बटण आलं, 'परवडत नाही'. मी हात जोडले, "अरे, व्यापारी काम काढून घेईल, कचेरी बुडेल."

"बुडू दे. बाईले तोंड हाये."

पहिल्याच सकाळी व्यापाऱ्याच्या पडद्यावर 'परवडत नाही'चा असा पाऊस पडला की त्याला स्वतःचाच भाव दिसेना. काम गेलं, कचेरीला कुलूप लागलं, भागीदार पोटामागे बंगळूरला गेला. तेव्हा मी फार चिडलो होतो. आता त्या दोन खुर्च्यांची आठवण येते.

अजूनही रविवारी त्याचा फोन येतो. परवा मी बोलत होतो आणि त्याचा हुंकार येईना, शेवटी मीच विचारलं, "हायेस का?"

"हाव. तुह्या पयले फोनवर बाईशी बोलून राहिलो होतो. तिले आता काहीच आयकू येत नाई बे. मी आपला बोलतो, ते अधूनमधून नुसतं 'हाव' मनते."

"मग?"

"मंग काय? तिनं ठेवल्याबिगर मी ठेवत नाई."

त्या दिवशी मीही फोन ठेवला नाही.